दुबईच्या आधी मार्किंग शीक

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळचा खेड तालुक्यातला, वय 26, दहावी नापास. पाच वर्षं मामांच्या गँगमध्ये नवी मुंबई, ठाणे, अंधेरी अशा साइटवर फॉल्स सीलिंगचं काम करतो. जिप्समचं सीलिंग, पार्टिशन, ऑफिसातली ग्रिड म्हणजे पत्र्याची चौकट आणि तिच्यात बसणाऱ्या टाइल, सगळं येतं. रोज 900 रुपये, महिन्याला 25 दिवस भरतात. आमच्यात मार्किंग करणाऱ्या, म्हणजे कामाआधी मापं घेऊन रेघा आखणाऱ्या मिस्त्रीला 1,300 आहेत. गावातला एक एजंट मला दुबईला जिप्सम कारपेंटर म्हणून पाठवतो म्हणतो. पगार 1,500 दिरहम, म्हणजे आपले साधारण 35,000. त्याचे 1,40,000 रुपये द्यायचे. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, कामाचा व्हिसा तिथे गेल्यावर लागेल म्हणाला. पैसे गावात महिना शेकडा 3 ने मिळतायत, कमी पडले तर बायकोचे दागिने ठेवता येतील. मामा नको म्हणतात. आई म्हणते, छताला पुठ्ठे चिकटवायचे तर ते इथे काय नि तिथे काय. उजवा खांदाही वर्षभर दुखतोय. लहान भाऊ समजून अरे-तुरे करा आणि सरळ सांगा, जाऊ की नको?

उत्तर

भावा, या एजंटबरोबर जाऊ नकोस. दागिने कपाटातच राहू देत. दुबईला कधीच जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण आज, या पैशात, या व्हिसावर आणि आज तुझ्या हातात जेवढं काम आहे तेवढ्यावर जाऊ नकोस.

आधी तुझाच हिशेब मांडू. आज तुला 25 दिवसांचे 22,500 पडतात. तिथे 35,000. फरक साडेबारा हजारांचा. 1,40,000 वर शेकडा 3 म्हणजे पहिल्याच महिन्यात 4,200 रुपये नुसतं व्याज. तो सगळा साडेबारा हजारांचा फरक दर महिन्याला न चुकता सावकाराकडे पाठवलास तरी कर्ज फिटायला जवळजवळ 14 महिने लागतात. तेही तिथला जेवणाचा खर्च धरला नाही आणि एकही महिना पगार थकला नाही तर. म्हणजे घरापासून इतक्या लांब वर्षाहून जास्त काळ राबून तू आज आहेस तिथेच येणार. आता दुसरी बाजू बघ. तुमच्याच गँगमधला मार्किंगवाला मिस्त्री 25 दिवसांचे 32,500 घेतो. तुझ्या दुबईच्या पगारात आणि त्याच्या पगारात अडीच हजारांचं अंतर आहे, आणि त्याच्या डोक्यावर कर्ज नाही. हा आकडा तूच पत्रात लिहिलास, पण त्याच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. मी पुढे जे लिहिणार आहे ते बहुतेक त्याबद्दलच आहे.

पण आधी व्हिसाचं. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे. पकडला गेलास तर एजंट खेडमध्ये असेल आणि तू तिथे. तू दहावी पास नाहीस, म्हणून तुझा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी तपासणी लागणारा असणार. आखाती देशांत नोकरीला जाण्याआधी अशा माणसाला सरकारची मंजुरी घ्यावी लागते, हा 1983 च्या उत्प्रवासन कायद्याचा नियम आहे. यात कमीपणा काही नाही, हा नियम तुझ्यासारख्यांना वाचवायला केलेला आहे. मंजुरीच्या वाटेने गेलास तर तुझा करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलच्या नोंदीत येतो आणि प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण. उंचीवर काम करणाऱ्या माणसाने हे सोडून कसं चालेल? व्हिजिट व्हिसावर पाठवणारा तुला नेमकं या सगळ्यातून बाहेर काढतो. कागदोपत्री तू पर्यटक, मग तुझा पगार कोणी बुडवला हे कुठल्या दाराशी जाऊन सांगशील?

आणि 1,40,000 कसले? नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. तिकडे अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायला मालकाला मनाईच आहे. तेव्हा एजंटला दोनच गोष्टी विचार: लायसन्सचा नंबर आणि कंपनीचं नाव. नंबर ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर तपासता येतो, नाहीतर मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन विचार. गावचा ओळखीचा माणूस आहे म्हणून विचारायला संकोच वाटत असेल, तर तोच तुला सर्वांत महाग पडेल. पासपोर्ट त्याच्याकडे दिला असशील तर आधी तो परत आण.

पुढे कधी नीट मार्गाने बोलणी झाली तर ऑफर लेटरवर एकूण पगाराच्या आधी मूळ पगार बघ. 1,500 मधले मूळ 800 आणि बाकी भत्ते असं असेल, तर ओव्हरटाइम आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी दोन्ही त्या 800 वर मोजली जातात. राहणं कोणाचं, जेवण कोणाचं, हेही कागदावर हवं. आणखी एक गोष्ट एजंट कधी सांगत नाही. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी आहे. नियम चांगला आहे, पण तो उघड्यावरच्या कामाला. आपलं काम इमारतीच्या आत, आणि सीलिंग चालू असतं तेव्हा एसी सहसा सुरू झालेला नसतो. काचा लागलेल्या बंद मजल्यावर, स्लॅबच्या खाली हातभर अंतरावर तोंड वर करून काम, जुलै महिन्यात. जाणाऱ्याने हे माहीत करून जावं.

आता तुझ्या कामाकडे येते. तू लिहिलंस, ‘सगळं येतं’. मी बरीच वर्षं ऑफिसांच्या इंटिरिअर साइटवर सुपरवायझर होते, म्हणून विचारते: रिकाम्या खोलीत तुला एकट्याला सोडलं, हातात सीलिंगचं ड्रॉइंग, टेप आणि लाइनदोरी दिली, तर पहिली रेघ कुठे मारशील? तुझ्या पत्रात बोर्ड मारणं आहे, टाइल टाकणं आहे, मार्किंग दुसऱ्या माणसाच्या नावावर आहे. पाच वर्षांत तुझा हात तयार झाला यात मला शंका नाही. पण या धंद्यात जास्तीचा पैसा पहिल्या रेघेला मिळतो, शेवटच्या स्क्रूला नाही.

ग्रिडचंच घे. खोलीची रुंदी 4,900 मिमी आहे आणि टाइलचा हिशेब 600 चा. एका भिंतीला चिकटून सुरुवात केलीस तर 8 टाइल पूर्ण बसतात आणि समोरच्या भिंतीला 100 मिमीची पट्टी उरते. ती कापताना टाइल तुटणार, बसली तरी दारातून शिरणाऱ्याला पहिली तीच दिसणार, आणि इंजिनिअर ती उतरवायला लावणार. तेच 100 मिमी दोन्हीकडे वाटलेस तर 50-50 च्या चिंध्या, त्याहून वाईट. जाणता मिस्त्री एक पूर्ण टाइल सोडून देतो. 7 टाइल पूर्ण, 4,200 झाले, उरले 700, दोन्ही कडांना 350-350. कडेची टाइल अर्ध्याहून मोठी, दोन्ही भिंतींना सारखी. मग तो लांबीच्या बाजूने तेच करतो, मग लाइट कुठे, एसीची जाळी कुठे, स्प्रिंकलर टाइलच्या मध्यावर येतो का हे बघतो, आणि मगच दोरी मारतो. हे सगळं कागदावर अर्ध्या तासात होतं. नाही केलं तर दोन दिवसांचं काम उतरवावं लागतं.

जिप्समलाही हेच. सेक्शन, म्हणजे ज्यावर बोर्ड मारतात त्या पत्र्याच्या पट्ट्या, 457 मिमीवर का मारतात, कधी विचारलंस का? बोर्ड 6 फुटी, म्हणजे 1,829 मिमी. 457 चे चार गाळे केले की बोर्डाची दोन्ही टोकं बरोबर सेक्शनच्या पत्र्यावर येतात. एका ठिकाणी अंदाजाने 480 धरलं की पुढच्या बोर्डाचं टोक अधांतरी राहतं. जॉइंटवर चिकटपट्टी आणि कंपाउंड मारून ते त्या दिवशी झाकलं जातं, पण एसी सुरू झाला की त्याच जॉइंटवर केसासारखी भेग उठते, आणि शिव्या जॉइंट भरणारा खातो. पार्टिशनमध्ये स्टड, म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, 610 वर असतात, तेही 4 फुटी बोर्डाच्या बरोबर निम्म्यावर. हे आकडे कोणी लहरीने ठरवलेले नाहीत. एकदा त्यामागचं कारण कळलं की ड्रॉइंग वाचणं निम्मं सोपं होतं.

आईला वाईट बोलू नकोस, पण तिला हे सांग. तू जो बोर्ड लावतोस त्याच्या आत जिप्सम आहे, आणि जिप्समच्या वजनात सुमारे 21 टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आग लागली की ते पाणी आधी वाफ होऊन निघून जातं, आणि तोवर बोर्डाची मागची बाजू फार तापत नाही. तेवढ्या वेळात माणसं जिन्यातून खाली उतरतात. पण हे कधी? दोन थरांच्या बोर्डांचे जॉइंट एकमेकांवर आले नसतील तेव्हा. आगीसाठी धरलेलं पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी न थांबता स्लॅबपर्यंत नेलं असेल आणि वरची फट सीलंटने भरली असेल तेव्हा. सीलिंग बंद झाल्यावर हे कोणालाच दिसत नाही, ना मालकाला, ना आर्किटेक्टला. वरती काय केलंय हे फक्त तुला माहीत असतं. एसीच्या डक्टला किंवा पाण्याच्या पाइपला सीलिंग टांगायचा हँगर बांधू नकोस, लाकडाची गुट्टी ठोकून स्क्रू मारू नकोस, स्लॅबला फास्टनरच मार. जड लाइट ग्रिडवर टेकवू नकोस, त्याला त्याचा वेगळा आधार दे. घाईच्या साइटवर हे सांगणारा मुकादम भेटेलच असं नाही. न सांगता करणारा कारागीर सुपरवायझरच्या लक्षात राहतो, हे मी स्वतः सुपरवायझर होते म्हणून सांगू शकते.

मामांचं काय करायचं? ते नको म्हणतात त्यात थोडी तुझी काळजी आणि थोडी त्यांची स्वतःची असणार. पाच वर्षांचा तयार हात गेला तर गँग लंगडी होते. म्हणून त्यांच्याशी ‘जातो’ किंवा ‘राहतो’ असं बोलू नकोस. एवढंच म्हण: ‘मामा, मला सहा महिने मार्किंगला घ्या, रोज आहे तोच राहू दे.’ पगार न वाढवता शिकायला मागणाऱ्या भाच्याला नाही म्हणणं मामांना जड जाईल. सुरुवातीला मिस्त्रीच्या दोरीचं दुसरं टोक धर. सगळ्या भिंतींवर एक मीटरची लेव्हल कशी फिरवतो ते बघ, तयार फरशीपासून मोजतो की कच्च्या, ते विचार, कारण तिथेच घोळ होतात. लेझर असला तरी लेव्हल पाइपने एकदा पडताळून बघायची सवय लाव. स्वतःची वही कर. प्रत्येक खोलीचं माप आदल्या रात्री वहीत मांड, तुझी पहिली रेघ ठरव, आणि सकाळी मिस्त्रीने काय केलं त्याच्याशी ताडून बघ. जिथे फरक पडेल तिथे का हे त्यालाच विचार. मिस्त्री स्वतःहून शिकवत नाहीत ही तक्रार मी खूप ऐकली आहे, पण वही घेऊन एका विशिष्ट खोलीबद्दल विचारणाऱ्याला उत्तर न देणारा मिस्त्री मला क्वचितच भेटला.

त्याच वहीत मागच्या पानांवर हाजिरी आणि उचल लिहीत जा. मामा असले तरी. नात्यात हिशेब लिहिला की नातं टिकतं, आणि पुढे कधी स्वतःचा ठेका घेतलास तर ही सवयच कामी येईल. तिथे कोव्हची, म्हणजे लाइट लपवायच्या खाचेची उभी पट्टी फुटात मोजायची की चौरस फुटात, लाइटच्या भोकाचे पैसे वेगळे की त्यातच, हे काम सुरू होण्याआधी लिहून घेतलं नाही तर बिलाच्या वेळी समोरचा सांगेल ते खरं. पण ठेक्याची घाई तूही केलेली नाहीस, म्हणून त्यावर आज एवढंच.

सहा महिन्यांनी दुबई नको वाटेल किंवा हवीच वाटेल. हवी वाटली तर नोंदणीकृत एजन्सीची ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा दे. तिथे सहसा ड्रॉइंग हातात देऊन दरवाजाची जागा सोडून छोटं पार्टिशन उभं करायला लावतात, किंवा ग्रिडचा एक तुकडा लेव्हलमध्ये बसवायला सांगतात. बोर्ड मारणारे तिथे रांगेत खूप असतात. ड्रॉइंग उलटसुलट न करता सरळ कामाला लागणारे थोडे, आणि पगाराची बोलणी त्यांनाच करता येते.

खांद्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मला ती सर्वांत जास्त लागली. वर्षभर दुखणारा खांदा बाम चोळून जात नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात डोक्यावर नेताना मध्येच कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर या आठवड्यात एक रोज बुडव आणि सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरला दाखव. काय काम करतोस ते त्यांना हात वर करून करून दाखव, नुसतं ‘मजुरी’ म्हणू नकोस. कामावर तुझ्या हातात आहे ते आजपासून बदल. 6 बाय 4 चा साडेबारा मिमी बोर्ड 20 किलोच्या आसपास असतो. तो एकट्याने डोक्यावर धरून दुसऱ्या हाताने स्क्रू मारणं बंद. दोघं मिळून उचला आणि खाली टी आकाराचा लाकडी टेकू लावा, मग हात मोकळे होतात. परांची इतकी उंच घे की डोकं आणि छत यात वीतभरच अंतर राहील. खालून हात ताणून काम केलं की सगळा भार खांद्यावर येतो, आणि परांची उंच करायला लागणारी दहा मिनिटं वाचवण्यासाठी आपली पोरं खांदा घालवतात. चाकं असतील तर वर चढण्याआधी लॉक कर. सलग दिवसभर वर बघत राहू नकोस, थोडा वेळ बोर्ड कापायला, पट्ट्या तोडायला खाली ये, दुसऱ्याला वर पाठव. मार्किंगकडे वळायला सांगण्याचं हेही एक कारण आहे. त्या कामात हात दिवसभर डोक्यावर नसतात, आणि 26 व्या वर्षी दुखणारा खांदा घेऊन बोर्ड मारत 45 पर्यंत जाता येत नाही.

धुळीचंही बघ. जॉइंट घासतानाची पांढरी धूळ डोळ्यांना दिसते म्हणून तिच्यासाठी रुमाल बांधला जातो. हॅमर मशीनने स्लॅबला भोक पाडताना तोंडावर पडणारी काँक्रीटची धूळ जास्त वाईट, तिच्यात सिलिका असते आणि ती फुफ्फुसात बसते. रुमाल तिला अडवत नाही. एन95 मास्क आणि चष्मा स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला तरी घे. जुन्या कारखान्यात किंवा जुन्या ऑफिसात सीलिंग उतरवायचं काम आलं आणि वर सिमेंटचे जुने राखाडी सपाट पत्रे दिसले, तर हातोडा घालण्याआधी ते ॲस्बेस्टॉसचे आहेत का हे सुपरवायझरला विचार. उत्तर मिळेपर्यंत ते फोडू नकोस.

राहिलं एक काम, ते याच महिन्यात उरक. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदव. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम, एवढी अट आहे. बऱ्याच पोरांना वाटतं की ही नोंदणी फक्त गवंडी आणि बिगाऱ्यांसाठी आहे, पण मंडळाच्या कामांच्या यादीत आपलं काम ‘आभासी छत’ म्हणून आहे, तेच शोध. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला मंडळाच्या योजना आहेत, आणि त्यांचा पैसा बांधकामाच्या खर्चावर जो 1 टक्का उपकर घेतात त्यातून येतो, म्हणजे तू ज्या साइटवर घाम गाळलास त्या साइटवरूनच. 90 दिवसांचा दाखला मामांच्या वरचा जो मुख्य ठेकेदार आहे त्याच्याकडून माग. तो टाळत असेल तर महापालिकेकडून किंवा गावी ग्रामसेवकाकडून (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) दाखला मिळण्याची सोय आहे. मामांची आणि गँगमधल्या बाकीच्या पोरांची कागदपत्रंही सोबत घे, एका फेरीत सगळ्यांचं होऊन जाईल.